जुन्या आर्केड बोर्डांची दुरुस्ती: बिघाड, वाद आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना आर्केड बोर्ड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम मशीनमधला सर्किट बोर्ड, दुरुस्तीला घेतला की दोन कामं एकदम अंगावर येतात, एक बोर्डाचं आणि दुसरं माणसांचं. बोर्डातला बिघाड चिकाटीने शोधला की बहुतेक वेळा सापडतो. मालक आणि कारागीर यांचं बिनसलं तर मात्र बोर्ड महिनोन्महिने खोक्यात पडून राहतो. अशा वादांच्या मुळाशी मला जवळजवळ नेहमी एकच गोष्ट दिसली आहे: सुरुवातीला कुणी काही मोजलं नव्हतं, आणि मोजलं असलं तरी लिहून ठेवलं नव्हतं. खालचे प्रश्न मला सतत विचारले जातात. काही मालकांचे आहेत, काही हे काम नव्याने शिकणाऱ्यांचे.

बोर्ड अजिबात चालू होत नाही. प्रोसेसर गेला असेल का?

प्रोसेसर क्वचितच जातो. आधी व्होल्टेज बघा, आणि तेही पॉवर सप्लायच्या स्क्रूवर नाही, बोर्डावरच्या एखाद्या आयसीच्या (चिपच्या) पायांवर. ७४ मालिकेतल्या टीटीएल, म्हणजे साध्या लॉजिकच्या, आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. सप्लायपाशी ५.१ दाखवतात, पण वायरी आणि कनेक्टर ओलांडून बोर्डापर्यंत ४.६च पोचतात, हे रोजचं आहे. १४ पायांच्या बहुतेक टीटीएल आयसींमध्ये ७व्या पायावर ग्राउंड आणि १४व्यावर ५ व्होल्ट असतात. ७४९० आणि ७४९३ मात्र वेगळ्या. त्यांचा सप्लाय ५व्या पायावर आणि ग्राउंड १०व्या पायावर असतो. हे माहीत नसलं तर चांगला बोर्ड मेलेला वाटतो.

व्होल्टेज कमी दिसलं की सप्लायचा स्क्रू पिळून वाढवू नका. आधी बोर्डाच्या कडेचे पट्टे आणि कनेक्टरच्या पाती साफ करा. अटारीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये रेग्युलेटरला ‘सेन्स’ची वेगळी तार असते. ती गेम बोर्डापाशी व्होल्टेज मोजते आणि कमी पडलं की रेग्युलेटर स्वतःच वाढवून देतो. संपर्क खराब झाला की रेग्युलेटर जास्त जोर लावतो, कनेक्टर आणखी तापतो आणि शेवटी काळा पडतो.

व्होल्टेज बरोबर असेल तर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) आणि रिसेट (त्याला पहिल्यापासून सुरू करणारा सिग्नल) बघा. झेड८० या प्रोसेसरच्या ६व्या पायावर क्लॉक आणि २६व्यावर रिसेट असतो. ६४ पायांच्या ६८००० प्रोसेसरला क्लॉक १५वर, हॉल्ट १७वर आणि रिसेट १८वर. क्लॉक आहे, रिसेटच्या पायावर व्होल्टेज आहे, तरी झेड८० चा २७वा पाय हलत नसेल, तर तो सूचना वाचतच नाहीये. प्रोसेसरवर संशय घ्यायची वेळ इथे येते, आधी नाही.

स्क्रीनवर कचरा दिसतो आणि बोर्ड पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असं का?

हे वॉचडॉगचं काम. प्रोग्रॅम ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असं सांगू शकला नाही तर हे सर्किट प्रोसेसरला रिसेट करतं. पॅक-मॅनमध्ये ही मुदत १६ फ्रेमची, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम पाव भागाची. वॉचडॉग स्वतः सहसा बिघडलेला नसतो, तो फक्त प्रोग्रॅम भरकटल्याचं सांगत असतो. अटारीच्या बोर्डांवर तो बंद करण्यासाठी टेस्ट पॉइंट दिलेला असतो. तो ग्राउंडला जोडला की प्रोसेसर कुठे अडकतो ते शांतपणे बघता येतं.

त्यानंतर क्रम असा: रॉम (गेमचा प्रोग्रॅम आणि चित्रं साठवणाऱ्या आयसी), मग वर्क रॅम (प्रोसेसरची तात्पुरती मेमरी), मग मधले बफर, म्हणजे ७४एलएस२४५ आणि ७४एलएस३७३ सारख्या आयसी. ऑसिलोस्कोप असेल तर डेटा लाइन एकेक करून बघा. निरोगी टीटीएलमध्ये ‘शून्य’ ०.८ व्होल्टच्या खाली आणि ‘एक’ २ व्होल्टच्या वर असतो. एखादी लाइन सतत दीड व्होल्टाच्या आसपास लटकत असेल, तर दोन आयसी एकाच वेळी तिथे बोलत आहेत किंवा कुणीच बोलत नाहीये.

काही बोर्ड स्वतःच उत्तर देतात. निओ जिओचा बोर्ड वर्क रॅमच्या तपासणीत नापास झाला की पत्ता, लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा असे तिन्ही स्क्रीनवर देतो. ५५५५ लिहिलं आणि ५५५४ वाचलं, म्हणजे सगळ्यात खालचा बिट गेला. वर्क रॅमच्या दोन आयसी असतात, एक वरच्या बाइटची, एक खालच्या. म्हणजे बिघाड खालच्या बाइटच्या आयसीत, किंवा तिच्यापर्यंत जाणाऱ्या एका प्रिंटमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत). दुरुस्तीला बोर्ड पाठवताना या स्क्रीनचा फोटो पाठवा. त्या एका फोटोने माझे काही तास वाचतात.

गेम चालतो, पण चित्रात बिघाड आहे. काय सांगता येईल?

पुष्कळ. म्हणूनच ‘डिस्प्ले खराब’ एवढंच लिहून पाठवू नका. पात्रं गायब पण मागचं चित्र शाबूत, तर स्प्राइटची, म्हणजे हलणाऱ्या पात्रांची, रॅम किंवा लाइन बफर (पडद्याची एक ओळ साठवणारी मेमरी). प्रत्येक पात्रावर एकसारख्या उभ्या रेघा, तर ग्राफिक्स रॉमची एखादी डेटा किंवा ॲड्रेस लाइन. आकार बरोबर पण रंग भलतेच, तर रंगांचा प्रॉम (एकदाच लिहिता येणारा रॉम) किंवा पॅलेट रॅम. फक्त लाल रंग पूर्ण गायब असेल तर बोर्ड उघडण्याआधी वायर बघा. जॅमा (आर्केड बोर्ड कॅबिनेटला जोडण्याचं मानक) कनेक्टरवर लाल १२व्या पिनवर, निळा १३व्या, आणि हिरवा मागच्या बाजूला ‘एन’ पिनवर असतो.

सगळे रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसत असतील तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. निन्तेंदोचे डाँकी काँगच्या (१९८१) काळातले बोर्ड उलटा व्हिडिओ सिग्नल देतात, कारण त्यांचे मॉनिटर तसे बनवलेले होते. दुसऱ्या मॉनिटरवर चालवायचं तर मध्ये सिग्नल उलटवणारं सर्किट लागतं. यावरून ‘विकणाऱ्याने फसवलं’ अशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत. त्यात विकणाऱ्याची चूक नव्हती.

आवाज येत नाही.

आधी व्हॉल्यूमचा पॉट फिरवा. मग १२ व्होल्ट मोजा, कारण ॲम्प्लिफायर बहुधा त्यावर चालतो. जुन्या बऱ्याच बोर्डांना आवाजासाठी उणे ५ व्होल्टही लागतात, आणि आजच्या काही सप्लायमध्ये ते नसतातच. हे तिन्ही बरोबर असेल तरच साउंड आयसी आणि डीएसी (आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) यांच्याकडे वळा.

‘माझ्याकडे चालत होता, तुमच्याकडे आल्यावर बंद पडला.’ याचं काय?

सगळ्यात जास्त कटुता या वाक्यातून येते, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजू खरं बोलत असू शकतात. चाळीस वर्षांच्या सॉकेटमध्ये बसलेली आयसी प्रवासात धक्क्याने उचलली जाते. मोठ्या कस्टम (गेम कंपनीने खास बनवलेल्या) आयसीच्या बारीक पायांचं सोल्डर आधीच तडकलेलं असतं. घरी कॅबिनेटमध्ये बोर्ड थोडा वाकलेला असतो म्हणून पाय टेकलेले राहतात, आणि माझ्या टेबलावर सपाट ठेवला की सुटतात. अशा वेळी ‘कुणी बिघडवला’ हा प्रश्नच चुकीचा असतो. पण मालकाला तसं वाटत नाही, आणि त्याच्या जागी मला तरी वाटलं असतं का?

उपाय एकच, नोंद. मालकाने पाठवण्याआधी बोर्ड चालू असतानाचा छोटा व्हिडिओ काढावा, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत आणि मोठ्या आयसींवरचे नंबर वाचता येतील असे जवळून घ्यावेत. कारागिराने पार्सल उघडतानाच फोटो काढावेत आणि वीज देण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांमधला रेझिस्टन्स मोजून लिहावा. सॉकेटमधल्या आयसी कुठल्या सैल होत्या, आधीची दुरुस्ती कुठे दिसते, कुठली प्रिंट तुटलेली आहे, हे त्याच दिवशी मालकाला कळवावं. आठवड्याने कळवलं तर ते सबब वाटतं. मी सुरुवातीच्या काळात हे करत नव्हतो. एका बोर्डाच्या मागे आधीच उखडलेला पॅड (पाय सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) होता, मी तो चौथ्या दिवशी पाहिला आणि सांगितला. मालकाचा विश्वास बसला नाही आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं. पॅड मी पदरमोड करून दुरुस्त केला. तेव्हापासून फोटो काढल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही.

कुणीतरी कनेक्टर उलटा लावला, असा आरोप आहे. ते सिद्ध करता येतं का?

जॅमा बोर्डावर बऱ्याच अंशी येतं. १९८५ च्या या मानकात ५६ पिनांचा कनेक्टर आहे, दोन्ही बाजूंना २८-२८. ७व्या जागी खाच असते आणि तिथे किल्ली बसवलेली असली तर उलटा बसतच नाही. पण अनेक हार्नेसमध्ये (कॅबिनेटच्या वायरींच्या जुडग्यात) ती किल्ली हरवलेली असते. टोकं उलटी झाली तर ६व्या जागेवरचे १२ व्होल्ट २३व्या जागेवर येतात, म्हणजे थेट दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या लाइनवर. हार्नेसमध्ये उणे ५ असतील तर ते तिसऱ्या बटणावर जातात. ग्राउंड मात्र दोन्ही टोकांना असल्यामुळे जुळून येतो आणि सर्किट पूर्ण होतं.

त्यामुळे खुणा ठरलेल्या जागी सापडतात: दुसऱ्या बटणाच्या लाइनवरचा रेझिस्टर जळालेला, त्यामागची इनपुट आयसी उडालेली, बाकी बोर्ड ठीक. असं दिसलं की मी अंदाज लिहितो, पण ‘कुणी लावला’ हे लिहीत नाही. ते बोर्डावर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या कारागिराने एका कंपनीच्या सगळ्या आयसी सरसकट बदलल्या. बरोबर की चूक?

हा कारागिरांमधला जुना वाद आहे. ऐंशीच्या दशकातल्या फुजित्सूच्या ७४एलएस आयसींचे आउटपुट आतून सुटतात, हे या कामातल्या सगळ्यांना परिचित आहे. म्हणून काहीजण त्या दिसतील तिथे काढून टाकतात.

मला हे पटत नाही. दोन्ही बाजूंना प्रिंट असलेल्या बोर्डावर प्रत्येक डिसोल्डरिंगमध्ये भोकाच्या आतला धातूचा थर निघण्याचा धोका असतो. १४ पायांच्या वीस आयसी काढल्या तर २८० भोकं तापवली. त्यातली दोन जरी निघाली, तरी मूळचा एक बिघाड तीन होतो आणि नवे दोन लॉजिक प्रोबने शोधणं जास्त अवघड असतं. त्या आयसींवर संशय आधी घ्या, तपासा, सुटलेला आउटपुट दिसला की बदला. बदलताना आयसी मेलेलीच असेल तर पाय कापून एकेक पाय वेगळा काढा. आयसी वाचवण्यापेक्षा पॅड वाचवणं महत्त्वाचं. ग्राउंडचे पाय उष्णता पितात, तिथे थोडं ताजं सोल्डर आधी द्या.

ज्याने सरसकट बदलल्या आहेत, त्याच्यावर लगेच आरोपही करू नका. काम स्वच्छ असेल आणि त्याने यादी दिली असेल, तर तो त्याचा निर्णय होता. यादीच दिली नसेल तर तक्रार रास्त आहे.

संशयित आयसीवर चांगली आयसी बसवून बघितली, फरक पडला नाही. म्हणजे ती आयसी चांगली?

नाही. ही पिगीबॅकची युक्ती खालच्या आयसीचा आउटपुट आतून सुटलेला असेल तेव्हाच उपयोगी पडते. तो ग्राउंडला शॉर्ट असेल तर वरची आयसी त्याला उचलू शकत नाही. फरक पडला तर दिशा मिळाली. नाही पडला तर काहीच सिद्ध झालं नाही. रॅमवर करताना जास्त वेळ चालू ठेवू नका, दोन्ही एकमेकींशी झगडत तापतात.

रॉम खराब आहे हे कसं ठरवायचं?

वाचून, चेकसम (सगळ्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून, मेमच्या यादीतल्या चेकसमशी ताडून. मेम हा जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम १९९७ पासून ही माहिती जमवत आला आहे, आणि दुरुस्तीवाल्यांसाठी त्याचा खरा खजिना म्हणजे सोर्स कोडमधले मेमरी मॅप: कुठल्या पत्त्यावर कुठली रॅम, वॉचडॉग कुठे, हे सगळं तिथे मिळतं. सर्किट डायग्राम नसलेल्या बोर्डासाठी तोच नकाशा.

दोन इशारे. चेकसम जुळला नाही म्हणजे रॉम मेलाच असं नाही. पाय काळे पडले असतील तर साफ करून पुन्हा वाचा, दोनदा वाचून दोन्ही वेळचं सारखं येतं का बघा. आणि नंबर नीट वाचा. २५३२ आणि २७३२ हे रॉम दोन्ही ४ केबीचे, पण पाय वेगळे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस२७१६ ला तीन व्होल्टेज लागतात, बाकीच्या २७१६ ना एकच. वाचून झाल्यावर रॉमच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल परत चिकटवा (तिच्यातून प्रकाश जाऊन मजकूर पुसला जाऊ शकतो). खिडकी उघडी ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मालकांना सांगायला हवी. तुमच्या बोर्डावरची आवृत्ती कुठेच नोंदलेली नसेल, तर ती वाचून जतन करायची परवानगी कारागिराने मागावी आणि तुम्ही ती शक्यतो द्यावी. न विचारता केलं तर तो विश्वासघात आहे. पण नकार देताना हेही लक्षात घ्या की त्या रॉममधला विद्युतभार वर्षांगणिक गळतो आहे.

बॅटरीवाल्या बोर्डांबद्दल इतकी भीती का?

कारण काही बोर्डांमध्ये बॅटरी संपली की गेमच संपतो. कॅपकॉमच्या सीपीएस-२ (१९९३) मध्ये प्रोग्रॅम एन्क्रिप्ट केलेला आहे आणि त्याची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असते. सेगाच्या एफडी१०९४ या आयसीमध्ये तर ६८००० प्रोसेसर, किल्ली आणि बॅटरी एकाच ठोकळ्यात आहेत. बॅटरी उतरली की सीपीएस-२ वर नुसता एकरंगी पडदा येतो. २००७ मध्ये सीपीएस-२ चं एन्क्रिप्शन उलगडलं आणि २०१६ पासून मूळ किल्ली पुन्हा लिहिण्याची पद्धत उपलब्ध आहे, त्यामुळे आता तो मृत्यू कायमचा नाही.

वाद इथे दोन प्रकारे होतो. बॅटरी बदलताना किल्ली गेली तर जबाबदारी कुणाची? मी काम घेण्याआधीच लिहून देतो की ही शक्यता आहे आणि गेली तर मी किल्ली परत लिहून देईन. दुसरा वाद विक्रीतला: एन्क्रिप्शन काढलेले रॉम घालून जिवंत केलेला बोर्ड ‘मूळ’ म्हणून विकला जातो. चालतो छान, पण तो मूळ नाही, आणि हे सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

निओ जिओ एमव्हीएसचा (निओ जिओच्या आर्केड बोर्डांचा) प्रश्न वेगळा. तिथली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि आजूबाजूच्या प्रिंट खाऊन टाकते. बॅटरी कापून काढा, गळलेला द्रव अल्कली असतो म्हणून पातळ व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हिरवट डागाखालची प्रत्येक प्रिंट मीटरने वाजवून बघा. डोळ्यांना अखंड दिसणारी प्रिंट आतून तुटलेली असते.

सगळे कॅपॅसिटर बदलून टाकू का?

मॉनिटरमध्ये बऱ्याचदा हो. लॉजिक बोर्डावर गरज असेल तिथेच: फुगलेले, गळलेले, ॲम्प्लिफायरजवळचे, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून पुढचे सरफेस माउंट इलेक्ट्रोलाइटिक, कारण ते गळून पॅड खातात. मॉनिटर उघडणार असाल तर थांबा. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही भार उरतो. कुणाकडून तरी समोर बसून शिकल्याशिवाय हात घालू नका.

बोर्ड दुरुस्त झाला नाही तरी पैसे द्यायचे?

तपासणीचे द्यावेत, असं माझं मत आहे, पण आधी ठरलं असेल तरच. बिघाड शोधणं हेच या कामातलं मोठं काम आहे. आयसी बदलायला दहा मिनिटं लागतात. त्या बदल्यात कारागिराने लेखी द्यायला हवं: काय मोजलं, काय बाद ठरलं, कुठे अडलं. पुढचा कारागीर तिथून सुरू करू शकला पाहिजे. ‘बघितलं, होत नाही’ एवढंच सांगून पैसे मागणं योग्य नाही.

मध्येच खर्च वाढणार असेल तर काम थांबवून विचारावं. मालक उत्तर देत नसेल तर बोर्ड किती दिवस सांभाळणार, हेही सुरुवातीलाच लिहावं.

माझ्या बोर्डावरची चांगली आयसी काढून घेतली, असा संशय आहे.

पाठवण्याआधी काढलेले फोटो समोर घ्या आणि आयसींवरचे तारखेचे कोड ताडून बघा. ८१३४ म्हणजे १९८१ चा चौतिसावा आठवडा. १९८१ च्या बोर्डावर १९९० ची आयसी दिसली तर ती बदललेली आहे, पण कधी आणि कुणी, ते फोटोंशिवाय कळत नाही. प्रामाणिकपणे काम करणारा कारागीर काढलेली प्रत्येक आयसी, जळालेली असली तरी, पिशवीत घालून बोर्डाबरोबर परत देतो. तुम्ही ती मागून घ्या. कस्टम आयसी तर मागाच, ती मेलेली असली तरी अभ्यासाला लागते.

कस्टम आयसीऐवजी नवा पर्यायी बोर्ड बसवला तर मूळपण गेलं का?

माझ्या मते मालकाला सांगून, उलटवता येईल असं केलं असेल तर नाही. पॅक-मॅनची सिंक बस कंट्रोलर ही कस्टम आयसी आता सहजी मिळत नाही. तिच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा बोर्ड लावला तर उद्या मूळ आयसी मिळाल्यावर परत घालता येते. त्यासाठी दुसरा चालू बोर्ड फोडून आयसी काढणं मला जास्त खटकतं. न सांगता बसवणं मात्र फसवणूक आहे.

महिन्याभराने पुन्हा बंद पडला. वॉरंटी लागू?

तोच बिघाड असेल, मी बदललेला भाग किंवा माझं सोल्डर असेल, तर हो, काही न विचारता. नवीन बिघाड असेल तर नाही. त्या बोर्डावर शंभरेक आयसी तितक्याच जुन्या आहेत. वेगळा बिघाड आहे हे दाखवायची जबाबदारी मात्र माझी. म्हणून देण्याआधी बोर्ड काही तास सलग चालवतो, कारण गरम झाल्यावरच दिसणारे बिघाड पाच मिनिटांत दिसत नाहीत. बोर्डाबरोबर जाणाऱ्या कागदावर बदललेल्या आयसींची जागा, नंबर आणि बोर्डावर मोजलेलं व्होल्टेज असतं.

परत पाठवताना बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, मग फोम, मग खोकं आणि त्या खोक्याबाहेर दुसरं खोकं. सॉकेटमधल्या आयसी मिळाल्यावर एकदा हलक्या हाताने दाबून घ्या, आणि मगच वीज द्या.